खेळाडूच्या सहीचे बूट, दहा तासांच्या पाळीत

बास्केटबॉलच्या एका जगप्रसिद्ध खेळाडूच्या नावाने निघालेले हे बूट मी गेले आठ महिने वापरले, आणि तेही मैदानावर नाही, तर गोदामात. माझे काम माल काढण्याचे आहे. हातातल्या स्कॅनरवर पुढची वस्तू कोणत्या रांगेत आणि कोणत्या कप्प्यात आहे ते उमटते, मी तिथे जातो, वस्तू उचलतो, ट्रॉलीत ठेवतो आणि पुढच्या आकड्याकडे वळतो. पाळी दहा तासांची, मध्ये एक मोठी सुट्टी आणि दोन छोट्या, आणि पायाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत काँक्रीट. कंपनीचे आणि खेळाडूचे नाव मी मुद्दाम घेत नाही. सहीचे बूट विकणाऱ्या बहुतेकांच्या खोक्यावर थोड्याफार फरकाने एकच भाषा असते, आणि मला परीक्षण करायचे आहे ते बुटाचे आणि त्या भाषेचे, दोन्हींचे.

ती भाषा अशी. खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खेळाडूचा पाठमोरा फोटो आहे आणि घडी घातलेल्या कागदावर त्याची कहाणी आहे: आई रात्रपाळी करायची, घरात एकच खोली होती, तो पहाटे अंधारात उठून सराव करायचा आणि आजही उठतो. शेवटच्या परिच्छेदात खेळाडू मागे सरकतो आणि वाचणारा पुढे येतो. हा बूट घाम गाळणाऱ्या प्रत्येकाचा आहे, असे तिथे म्हटले आहे, आणि घाम गाळण्याच्या जागा म्हणून स्वयंपाकघर, बांधकाम आणि गोदाम अशी तीन ठिकाणे नावानिशी दिली आहेत. दुकानात जोडी पायात घालून पाहत असताना मी हा कागद वाचला. गोदाम हा शब्द दिसल्यावर हसू आले खरे, पण नऊ दिवसांची मजुरी मोजून बूट घेतले. आपल्या कामाचे नुसते नाव कुणी घेतले तरी माणूस किती पटकन विरघळतो, हे त्या दिवशी कळले.

आधी बुटाबद्दल. पहिला पंधरवडा सुखाचा गेला, हे मान्य केलेच पाहिजे. टाचेखालचा फोम जाड आणि मऊ आहे, घोट्याभोवतीचा भाग उंच असून त्याला आतून अस्तर आहे, आणि वरची जाळी इतकी मोकळी आहे की पाळी संपल्यावरही मोजे जवळपास कोरडे निघत. शिडीच्या शेवटच्या पायरीवरून खाली पाय टाकताना जो हिसका गुडघ्यापर्यंत पोचायचा, तो या बुटात टाचेतच विरून जात असे. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र दुपारनंतर तळवे जड होऊ लागले. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस उजव्या टाचेची बाहेरची कड तिरकी झिजली आणि बूट सपाट फळीवर ठेवला की एका अंगावर कलू लागला. चौथ्या महिन्यात अंगठ्याखालची नक्षी गुळगुळीत झाली आणि पुठ्ठ्याची बारीक धूळ बसलेल्या जमिनीवर वळताना पाय सटकू लागला. आतल्या गादीवर सोनेरी अक्षरांत खेळाडूची सही छापलेली होती, ती तर सहा आठवड्यांतच घामाने आणि घासण्याने पुसून गेली. पाचव्या महिन्यात भरलेल्या ट्रॉलीचे चाक डाव्या अंगठ्यावरून गेले. बुटाच्या टोकाला जाळीखेरीज काहीच नसल्याने नख काळे पडले आणि महिन्याभराने गळाले. सुरक्षेचे बूट न घालता मी कामावर गेलो ही चूक माझी होती, आणि ते मला त्याच दिवशी लेखी स्वरूपात सांगण्यातही आले.

एवढे वाचून कोणी म्हणेल की माल निकृष्ट निघाला. माझे तसे मत नाही. बूट चांगलाच आहे, फक्त तो दुसऱ्या कामासाठी बनवलेला आहे. मैदानाच्या लाकडी फळ्यांवर पकड यावी म्हणून त्याच्या तळाचे रबर मऊ ठेवलेले असते, आणि मऊ रबर काँक्रीटवर खोडरबरासारखे झिजते. फोमची गोष्ट याहून बोलकी आहे. उडी मारून खाली येताना एका क्षणाचा दणका सोसायचा आणि लगेच पूर्ववत फुलायचे, हे त्याचे काम. त्याच्यावर तासन्तास सलग भार ठेवला तर तो दबतो, आणि पुन्हा फुलायला त्याला बराच वेळ मोकळे राहावे लागते. म्हणूनच नियमित धावणारे बरेच लोक दोन जोड्या आलटून पालटून वापरतात. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेतला सामना ४८ मिनिटांचा असतो, त्यात मोठा खेळाडूही सगळा वेळ मैदानावर नसतो, आणि जोडी मवाळ झाली की त्याला नवी मिळते. म्हणजे बुटाला विश्रांती लागते, खेळाडूला ती मिळते, त्यामुळे बुटालाही मिळते. मी रोज दहा तास, आठवड्यातून सहा दिवस, एकाच जोडीवर उभा होतो. बुटाच्या बांधणीतच दोन कामांमधला फरक कोरलेला आहे. खोक्यातला कागद मात्र हा फरक पुसून टाकतो आणि दोन्हीकडे घाम येतो एवढ्यावर दोघांना एका रांगेत उभे करतो.

आमच्या पाळीत एक वयस्कर गडी आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. मी मोठ्या सुट्टीत त्यांना तो कागद वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, “अरे, तो पडला की डॉक्टर धावत येतो. आपण पडलो की सुपरवायझर.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “पण काय रे, त्याचा करार कोण करतं? संघटना आहे का त्यांची?” पहिले वाक्य मी पुढे बऱ्याच जणांना ऐकवले आणि त्यावर सगळे हसले. डोक्यात मात्र राहिला तो दुसरा प्रश्न, कारण चमकणारा खेळाडू सामान्य कामकऱ्यांचे प्रतीक होऊ शकतो का, याचे उत्तर मला त्या प्रश्नाच्या आसपास सापडले. बुटाचे परीक्षण इथे थोडे वाट सोडून जाईल, याची कल्पना आहे.

सहीच्या बुटांचा उगम पाहिला तर गंमत दिसते. ज्याची सही बुटावर सर्वांत जास्त वर्षे टिकली तो चक टेलर हा काही अफाट खेळाडू नव्हता. तो १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉन्व्हर्स या बुटांच्या कंपनीत विक्रेता म्हणून लागला, गावोगाव गाडीतून हिंडून मुलांना बास्केटबॉल शिकवायचा आणि जाता जाता दुकानदारांना बूट विकायचा. १९३० च्या दशकात त्याचे नाव घोट्यावरच्या गोल ठिगळावर आले. त्या नावाने विकल्या गेलेल्या अगणित जोड्यांवर त्याला हिस्सा मिळत नसे. तो कंपनीचा पगारी माणूस होता आणि पगारीच राहिला. आजचा तारा स्वतःला कामगार म्हणवतो, पण सहीच्या बुटांच्या आरंभी उभा असलेला माणूस खरोखरच नोकरदार होता आणि त्याने त्याचा गाजावाजा केला नाही. मायकेल जॉर्डनने १९८४ मध्ये नायकीशी करार केला आणि पुढच्या वर्षी त्याच्या नावाचा बूट ६५ डॉलरला बाजारात आला, तेव्हापासून सही करणारा भागीदार झाला आणि नोकरदार मागे पडला. इतका मोठा भागीदार आपल्याला कष्टकऱ्यांमध्ये मोजा म्हणतो, तेव्हा त्याच्या कष्टांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तो मोजदाद कशाची करतो आहे, एवढेच पाहायला हवे.

कागदावरची मोजदाद मेहनतीची असते: किती वाजता उठला, किती फेऱ्या मारल्या, किती वेदना गिळल्या. या मापाने पाहिले तर प्रश्न लगेच सुटतो, कारण मोठे खेळाडू खरोखरच अमानुष मेहनत घेतात. दुसरे लोकप्रिय माप जन्माचे आहे, म्हणजे गरीब घर, कष्टाळू आई, फाटके बूट. या मापानेही बरेच जण पास होतात. तरी ही दोन्ही मापे मला उपयोगाची वाटत नाहीत. मेहनतीच्या मापात कामकऱ्याला शेवटी एकच उपदेश मिळतो की तूही आणखी लवकर ऊठ; आणि आमच्या स्कॅनरच्या पडद्यावर हाच उपदेश दर तासाला आकड्याच्या रूपाने येत असतो, त्याला वेगळ्या खेळाडूची गरज नाही. जन्माच्या मापात प्रतीक होतो तो सुटका करून घेणारा. जो एकटा निसटला, तो मागे राहिलेल्यांचे प्रतीक कसा, हे मला कधीच नीट समजले नाही.

याच मुद्द्यावर एक जुना आणि फार चांगला वाद होऊन गेला आहे. इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या पगाराला कमाल मर्यादा होती, आणि १९६० च्या सुमारास ती हंगामात आठवड्याला २० पौंड होती. कितीही मोठा खेळाडू असो, मालकाने त्याहून जास्त द्यायचे नाही. जिमी हिल हा खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता आणि मर्यादा उठवावी म्हणून संपाची तयारी चालली होती. मँचेस्टरच्या सभेत एक तरुण खेळाडू उठला आणि म्हणाला की माझे वडील खाणीत काम करतात, त्यांच्या मानाने आपल्याला पुरेसे मिळते. सभेत शांतता पसरली असणार, कारण या वाक्याला उत्तर देणे अवघड आहे. उत्तर दिले ते बोल्टनच्या टॉमी बँक्स या बचावपटूने, ज्याने स्वतः खाणीचे काम केलेले होते. त्याच्या बोलण्याचा आशय असा की तुझ्या वडिलांबद्दल मला आदर आहे, ते काम किती कठीण असते हे मला ठाऊक आहे, पण सोमवारी सकाळी ते कोळसा काढतात तेव्हा हजारो लोक तिकीट काढून बघायला येत नाहीत, आणि मी स्टॅन्ली मॅथ्यूजसारख्या नामांकित खेळाडूला अडवायला उभा राहतो तेव्हा येतात. जानेवारी १९६१ मध्ये मर्यादा उठली.

बँक्सचे उत्तर मी बऱ्याचदा मनात घोळवले आहे. वरवर पाहता तो खेळाडूला कामगारापासून वेगळे काढतो: माझ्यामुळे तिकिटे खपतात, तुझ्या वडिलांमुळे नाही. पण तो ज्या युक्तिवादाने वेगळे काढतो, तो युक्तिवाद अस्सल कामगाराचा आहे. माझ्या श्रमातून मालकाच्या गल्ल्यात किती पडते ते बघा आणि त्या हिशेबाने मला द्या, असे तो म्हणतो. खाणीत राबणारा बापही हेच म्हणेल, फक्त त्याच्या वतीने आकडा मांडणारे प्रेक्षक नसतात. आपण कमी घेऊन कामगारांशी एकनिष्ठ राहावे असे त्या तरुणाला वाटत होते. त्याची भावना उमदी होती, पण त्याने सोडलेला पैसा बापाला मिळणार नव्हता, तो क्लबच्या मालकाकडे राहणार होता. मोठ्या खेळाडूंचा पगार ऐकून आमच्या जेवणाच्या टेबलावर दर वेळी जी हळहळ होते, तिथे मी हा बँक्स सांगतो. पटतो असे नाही. एका सहकारी ताईंनी मला विचारले की मग तिकीट महाग झाल्यावर ते कोण भरतो, आणि त्याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते.

खेळाडू मालमत्ता आहे की माणूस, हा प्रश्न अमेरिकेत कर्ट फ्लडने विचारला. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईसच्या बेसबॉल संघाने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. त्या काळच्या कराराप्रमाणे जायचे किंवा खेळणे सोडायचे, एवढेच त्याच्या हातात होते. त्याने बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवले की माझ्या इच्छेचा विचार न करता विकली-घेतली जावी अशी मी वस्तू नाही. तेव्हा त्याचा वार्षिक पगार ९०,००० डॉलर होता, आणि इतका पगार घेणाऱ्याने गुलामीची भाषा का करावी असे त्याला विचारले गेले, तेव्हा चांगला पगार मिळणारा गुलामही गुलामच असतो, असे तो म्हणाला. मला स्वतःला या उपमेत अतिशयोक्ती वाटते. पण पत्रातला मुद्दा नेमका आहे, आणि रात्रीत दुसऱ्या गोदामावर बदली झालेल्या कोणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. फ्लडच्या मागे खेळाडूंची संघटना उभी राहिली. तिचा प्रमुख मार्विन मिलर पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेला होता. खटल्याच्या वेळी साक्षीला जॅकी रॉबिन्सनसारखे निवृत्त खेळाडू आले, खेळत असलेला मात्र एकही आला नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल त्याच्या विरोधात दिला. तोवर त्याची कारकीर्द संपली होती. संघ निवडण्याचे जे स्वातंत्र्य पुढच्या पिढीला मिळाले, त्याचा उपभोग त्याला घेता आला नाही. आमच्यासारख्यांना कोणाचा फोटो लावायचा असेल तर मी याचा लावीन, आणि नेमक्या याच्या नावाचा बूट काढून कोणी कहाणी विकल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

खेळाडू आणि बूट या दोन्हींशी नाते असलेला आणखी एक माणूस इथे आणलाच पाहिजे. धावपटू एमिल झाटोपेक वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी चेकोस्लोव्हाकियातल्या झ्लिनच्या बाटा बूट कारखान्यात कामाला लागला. १९४१ मध्ये कारखान्याच्या प्रशिक्षकाने चार पोरांकडे बोट दाखवून त्यांना शर्यतीत धावायला फर्मावले. झाटोपेक म्हणाला, मी अशक्त आहे, मला जमणार नाही. त्याला तपासणीसाठी डॉक्टरकडे पाठवले गेले आणि डॉक्टरने तो ठणठणीत असल्याचे सांगितले. ज्याने कधी आजारी रजेचा अर्ज दिला आहे त्याला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. तो धावला आणि दुसरा आला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्हींत सुवर्णपदके मिळवली, आणि ती मॅरेथॉन त्याच्या आयुष्यातली पहिली होती. धावताना त्याचा चेहरा वेदनेने वेडावाकडा होत असे, मान एका बाजूला झुकत असे. तो लष्करी बूट घालून सराव करायचा. म्हणजे खोक्यातल्या कागदाला हवे असलेले सारे त्याच्या आयुष्यात आयतेच होते, अगदी कारखान्यासकट.

आणि चेकोस्लोव्हाकियाच्या राजवटीने ते वापरलेही. कष्टकऱ्यांच्या राज्यातला कष्टकरी वीर म्हणून त्याला मिरवले गेले, सैन्यात बढत्या मिळाल्या. बाजारातली कंपनी असो की पक्षाची राजवट, प्रतीक करण्याची रीत एकच दिसते: माणसाचा घाम घ्यायचा आणि तोंड बंद ठेवायचे. १९६८ मध्ये झाटोपेकने तोंड उघडले. तो सुधारणांच्या बाजूने आणि सोव्हिएत आक्रमणाच्या विरोधात बोलला. त्याला पक्षातून आणि सैन्यातून काढले गेले आणि पुढची काही वर्षे तो भूगर्भ संशोधनाच्या तुकड्यांबरोबर जमिनीत छिद्रे पाडण्याच्या अंगमेहनतीच्या कामावर होता. जोवर तो कामगारांचे प्रतीक होता तोवर त्याला अंगमेहनत करावी लागत नव्हती. ज्या दिवशी तो खरोखर मजूर झाला, त्या दिवसापासून प्रतीकाच्या यादीतून त्याचे नाव गेले. पुढे त्याने आपली विधाने मागेही घेतली, आणि त्यावरून त्याला नावे ठेवणारे आहेत. मी ठेवणार नाही. नोकरी टिकवण्यासाठी आपण न केलेल्या चुकीच्या कागदावर सही करणारी माणसे मी पाहिली आहेत.

याउलट अगदी छोटे, काही सेकंदांचे उदाहरण लिव्हरपूल क्लबचा फुटबॉलपटू रॉबी फाउलर याचे. लिव्हरपूल बंदरातले सुमारे ५०० गोदी कामगार १९९५ पासून कामावरून काढलेले होते. मार्च १९९७ मध्ये एका युरोपीय सामन्यात गोल केल्यावर फाउलरने जर्सी वर केली आणि आतल्या बनियनवर त्या कामगारांना पाठिंबा देणारा मजकूर दिसला. एका प्रसिद्ध फॅशन कंपनीची दोन अक्षरे गोदी कामगार या शब्दात मोठी करून ते बनियन रंगवलेले होते. युरोपीय फुटबॉल संघटनेने त्याला २,००० स्विस फ्रँकचा दंड केला. त्याच्या पगाराच्या मानाने दंड किरकोळ होता आणि गोदी कामगारांचा लढा पुढच्या वर्षी अपयशातच संपला, त्यामुळे याला फार मोठे करण्यात अर्थ नाही. तरी आमच्या खोक्यावर गोदाम हा शब्द छापायला कंपनीला काही खर्च आला नाही, आणि फाउलरला मात्र गोदी कामगार हा शब्द दाखवल्यावर दंड भरावा लागला, एवढा फरक दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की दिसतो.

किंमतीच्या बाजूनेही एकदा कोणीतरी प्रामाणिक प्रयत्न केला होता. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या कोनी आयलंडमधल्या सरकारी वसाहतीत सात भावंडांत वाढलेल्या स्टेफॉन मार्बरी या बास्केटबॉलपटूने २००६ मध्ये स्टारबरी नावाचा बूट काढला आणि त्याची किंमत १४ डॉलर ९८ सेंट ठेवली. तोच बूट घालून तो व्यावसायिक सामन्यांत खेळला. मुलाने महागड्या बुटासाठी आईपुढे हट्ट धरावा आणि आईने नजर चुकवावी, हा प्रसंगच येऊ नये असा त्यामागचा विचार होता. बूट विकणारी साखळी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि प्रयोग थांबला. खेळाडूने स्वतःच्या नावाची किंमत कमी करून दाखवणे ही गोष्ट मला पहाटे उठण्याच्या शंभर कहाण्यांपेक्षा जास्त ऐकू येते. तिच्यात एक उणीव मात्र होती, आणि ती माझ्या जोडीच्या जिभेखालच्या पांढऱ्या पट्टीवर वाचता येते.

त्या पट्टीवर माप, साहित्याची चिन्हे आणि बूट ज्या देशात तयार झाला त्याचे नाव आहे. तयार कोणी केला हे नाही. गुणाकाराच्या खुणेसारखी शिवण जाळीवर एके ठिकाणी किंचित वाकडी गेली आहे, आणि तळ चिकटवताना बाहेर आलेल्या गोंदाची एक पिवळसर रेघ डाव्या टाचेवर वाळून राहिली आहे. मला या जोडीत माणसाचा हात दिसतो तो या दोन ठिकाणी. मे १९९८ मध्ये नायकीचे सहसंस्थापक फिल नाइट यांनी वॉशिंग्टनच्या भाषणात कबूल केले होते की आपले उत्पादन हे गुलामीची मजुरी, सक्तीचा जादा वेळ आणि मनमानी छळ यांचे समानार्थी झाले आहे. बुटांच्या कारखान्यांत १८ वर्षांखालील कोणाला घेणार नाही आणि आतली हवा अमेरिकेच्या निकषांप्रमाणे ठेवू, अशी आश्वासने त्यांनी दिली. हवेचा उल्लेख का करावा लागला, हे गोंदाचा डबा बंद खोलीत उघडून पाहिलेल्याला कळेल. आमच्या कागदावर स्वयंपाकघर आहे, बांधकाम आहे, गोदाम आहे. बुटांचा कारखाना नाही. कामकऱ्यांचा बूट म्हणायचे आणि तो करणाऱ्या कामकऱ्यांनाच यादीतून वगळायचे, ही चूक नजरचुकीने होत नसावी.

तेव्हा माझे मत असे झाले आहे. मोठा खेळाडू सामान्य कामकऱ्यांचे प्रतीक होऊ शकतो, पण त्याच्या जन्माने नाही, त्याच्या घामानेही नाही, आणि कायमचा तर नाहीच. जितका वेळ तो आपल्यासारख्याच भांडणात उभा असतो, म्हणजे मजुरी, करार, सोडून जाण्याचा हक्क, आजारपण किंवा कोणाची तरी छाटणी यांपैकी एखाद्या गोष्टीत, आणि त्यासाठी त्याच्या खिशातून किंवा कारकीर्दीतून काही जाते, तितका वेळ तो आपला. फ्लडच्या बाबतीत तो वेळ बराच लांबला, फाउलरच्या बाबतीत एका गोलापुरता होता. बाकीच्या वेळी त्याचा खेळ बघावा, टाळ्या वाजवाव्यात, पोरांनी भिंतीवर फोटो लावावेत. त्यात काही कमीपणा नाही. मी स्वतः या बुटाच्या खेळाडूचे सामने अजूनही रात्री जागून बघतो आणि त्याने शेवटच्या सेकंदाला टाकलेला चेंडू जाळीत गेला की आरडाओरड करतो. मात्र तो माझ्या पाळीचा माणूस आहे असे त्याच्या कंपनीने मला सांगू नये.

बुटाविषयी आता थोडक्यात आणि व्यवहाराचे. बास्केटबॉल खेळत असाल, बंदिस्त मैदान मिळत असेल आणि आठवड्यातून दोन-तीन दिवसच खेळत असाल, तर ही जोडी जरूर घ्यावी; उडी सोसण्याच्या बाबतीत तिला मी नाव ठेवू शकत नाही. पंजाकडे जागा अरुंद असल्याने अर्धे माप मोठे घ्यावे. उभे राहून करायच्या कामासाठी घेऊ नये. आधीच घेतली असेल तर आतली गादी काढून जरा कडक गादी घालावी, एक दिवसाआड वापरावी, आणि जड माल हलवायच्या जागी टोकाला पोलादी टोपण असलेला कामाचा बूटच घालावा, दिसायला तो कितीही ओबडधोबड असला तरी. माझ्या कामाच्या बुटावर कोणाची सही नाही आणि खोक्यात कहाणीही नव्हती. एक छापील चिठ्ठी होती, तिच्यावर तळ किती तापमान सोसतो आणि टोपण किती भार सोसते, एवढेच लिहिले होते. तो बूट तिसरे वर्ष चालला आहे.

सातव्या महिन्यात तळ सुटू लागला तेव्हा मी सहीच्या बुटाच्या कंपनीकडे तक्रार नोंदवली. अर्ज पडद्यावर भरायचा होता. खरेदीची तारीख, माप, कोणत्या पायाचा बूट, किती तारे द्याल, असे सगळे झाल्यावर शेवटचा प्रश्न आला: वापर कशासाठी केला? खाली पर्याय होते: सामना, सराव, व्यायाम, रोजचे फिरणे, संग्रह, इतर. मी यादी दोनदा वाचली आणि ‘इतर’वर बोट ठेवले. चार दिवसांनी उत्तर आले की नोंदवलेला वापर हमीच्या अटींत बसत नाही.